चंद्रावरची किटली

गोदामाच्या मागच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ऊन नुकतंच उतरलं होतं, फरशी अजून तापलेली होती, तरी माणसं चपला बाहेर काढून मांडीला मांडी लावून बसली होती. प्रत्येकाच्या हातात पोस्टकार्डाएवढा एक पुठ्ठा होता आणि प्रत्येकाने तो छातीशी घट्ट धरला होता. बँकेतला रोखपाल होता, दातांची डॉक्टरीण होती, रिक्षावाले होते, कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याची बायको होती. समोर गोदामाच्या उंच भिंतीवर एक प्रचंड पांढरं गोल कापड ताणून बसवलं होतं. त्याला म्हणायचं ‘चंद्रपट’. छपराच्या कडेवरून खराखुरा पौर्णिमेचा चंद्र वर येत होता, तांबूस आणि भला मोठा, पण त्याच्याकडे बघायला तिथे कुणालाच सवड नव्हती.

बघत होत्या त्या एकट्या बाई. शाळेत विज्ञान शिकवायच्या, म्हणून सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं. शाळेच्या गच्चीवर दुर्बीण लावून त्यांनी कितीतरी पोरांना चंद्रावरचे खड्डे दाखवले होते. आज त्या आल्या होत्या त्या थोरल्या बहिणीसाठी. ताई त्यांच्या शेजारी बसली होती, ओठ मिटून, पुठ्ठ्यावर हात ठेवून. भाऊजींनी सकाळी फोनवर एवढंच म्हटलं होतं, “एकदा तिच्याबरोबर जाऊन ये. मी तर हात टेकले.”

ताईची एकुलती एक मुलगी सहा महिन्यांपूर्वी तापाने गेली. एका जागी बसायची नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. डॉक्टर म्हणाले होते, साधा ताप आहे, उतरेल. उतरला नाही. तेव्हापासून ताईने शिलाई मशीनवरचं आच्छादन काढलं नव्हतं, आणि डॉक्टर हा शब्द कुणी काढला की ती उठून आत जायची.

चंद्रदादा मंचावर आले. चाळिशीचे असतील. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कॉलरला छोटा माइक. आवाज असा मऊ की माणसाने आपणहून पुढे झुकावं.

“माणूस चंद्रावर गेला,” दादा म्हणाले. “आठवतंय ना? यंत्र घेऊन गेला. आणि येताना काय आणलं? दगड.” लोक हसले. दादांनी त्यांना पुरेसं हसू दिलं. “दगड इथे कमी होते का? आपण यंत्र नाही न्यायचं. आपण डोळे घेऊन जायचं, आणि आपली माणसं आणायची. लहानपणी आईच्या कडेवर बसून पहिलं बोट आपण कुणाकडे केलं? चंद्राकडे. का केलं? ओळख होती म्हणून. ऊर्जा ऊर्जेला ओळखते. मरण माणसाला उलटं करतं. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. आणि चंद्र त्याला पुन्हा सुलटं करतो.”

हे उलटं प्रकरण म्हणजे हातातला पुठ्ठा. तुम्ही आपल्या गेलेल्या माणसाचा फोटो नेऊन द्यायचा, दादांची माणसं आठवड्याने त्याचं ‘चंद्रचित्र’ करून परत द्यायची. चंद्रचित्रात चेहरा काळा, केस पांढरे, डोळ्यांची बुबुळं पांढरी. जुन्या कॅमेऱ्याची निगेटिव्ह असायची ना, अगदी तशी. नाकाच्या शेंड्यावर एक लाल ठिपका. लोकांनाही दिसत होतं की ही निगेटिव्ह आहे. ते काही अगदीच दुधखुळे नव्हते. ते म्हणायचे, हो, निगेटिव्हच आहे, पण ती सुलटी करतं कोण?

डोक्यावरचे मोठे दिवे लागले. “ठिपक्यावर नजर,” दादा म्हणाले. “पापणी हलली की दार बंद.” कुठूनतरी घंटेचा एक लांबच लांब नाद सुरू झाला. अख्खं पटांगण श्वास रोखून पुठ्ठ्याकडे बघत होतं. ताईने आपला पुठ्ठा मध्ये धरला होता, दोघींना दिसेल असा. बाईंनी मनात म्हटलं, बघू तरी काय थोतांड आहे, आणि भाचीच्या काळ्या चेहऱ्यावरच्या त्या ठिपक्याकडे एकटक पाहिलं.

नाद थांबला. दिवे विझले. त्याच क्षणी चंद्रपट आतून उजळला, शुभ्र, दुधाळ. “वर बघा,” दादा म्हणाले.

बाईंनी वर पाहिलं, आणि त्या उजेडात भिंगरी होती. गोदामाच्या भिंतीएवढी. गोरा चेहरा, काळेभोर केस, ओठांच्या कोपऱ्यातलं ते अर्धवट हसू.  भोवती माणसं हुंदके देत होती. कुणी “बाबा” म्हणत होतं, कुणी नुसतंच “अगं, अगं”. लाँड्रीवालीने दोन्ही हात वर पसरले होते. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि खोटं कशाला सांगायचं, त्या दोन-चार क्षणांत त्यांनी काही तपासलं नाही, कशाची शंका घेतली नाही. पोर दिसत होती, बस.

मग त्यांनी डोळे पुसायला मान खाली घातली. पुढे एक आडदांड माणूस बसला होता, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात. त्याच्या पाठीवर भिंगरी होती. एवढीशी, तळहातावर मावेल एवढी, तेच हसू घेऊन. बाईंनी मान वळवली तशी ती त्याच्या खांद्यावर सरकली, आणि विरून गेली.

घरी जाताना ताईने त्यांचा हात धरला होता. मुलगी गेल्यापासून पहिल्यांदाच ती आपणहून बोलत होती. “दिसली ना? मी जिकडे बघते तिकडे येते बघ. माझ्या नजरेबरोबर फिरते. आणि शेजारी बसलेल्याला त्याचा बाप दिसतो, मला माझी लेक. एकाच पटावर. हे कुणा माणसाला जमेल का, सांग.”

“दिसली,” बाई म्हणाल्या. त्याहून जास्त बोलण्याचं धाडस झालं नाही. ताईचा हात त्यांच्या हातात अगदी काटकुळा लागत होता. मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जात होत्या.

स्वयंपाकघरात पाणी घ्यायला बाईंनी फ्रिज उघडला आणि दारातल्या कप्प्यात इन्सुलिनच्या कुप्या दिसल्या. ओळीने, सील न तोडलेल्या. ताईला बरीच वर्षं मधुमेह होता, सकाळ-संध्याकाळ सुई ठरलेली.

“हे काय आहे, ताई?”

“सोडलंय.” ताई एका दमात तांब्याभर पाणी प्यायली आणि तिने तांब्या पुन्हा भरून घेतला. “आधी एक वेळची सोडली, मग दोन्ही. दादा म्हणाले, सुया टोचून देह जमिनीला बांधून ठेवलास तर ती लांबूनच दिसणार. भार हलका कर. बघ ना, किती हलकी झाले. पुढच्या पौर्णिमेला भेट आहे माझी. नुसतं दर्शन नाही, भेट.”

“भेट म्हणजे?”

 दारात उभे असलेले भाऊजी खाली बघत होते. डेपोत दिवसभर बसची इंजिनं उघडणारा माणूस, काळ्या पडलेल्या बोटांनी सदऱ्याचं बटण चाळवत उभा होता. “लाँड्रीवाल्याने पण असंच केलं,” ते हळूच म्हणाले. “आईला भेटायचं म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या. इस्त्री करता करता खाली बसला तो उठलाच नाही. आता त्याची बायको त्याचा पुठ्ठा घेऊन जाते तिथे.”

बाई घरी आल्या त्या स्वतःवर चिडूनच. दरवर्षी सातवीला डोळ्याचा धडा शिकवताना त्या फळ्यावर लाल कागदाची चकती चिकटवायच्या, पोरांना टक लावून बघायला सांगायच्या आणि मग चकती काढून घ्यायच्या. पोरं ओरडायची, बाई, हिरवी चकती. वर्षानुवर्षं हे करणारी बाई पटांगणात बसून रडली. त्यांनी फोनवर स्वतःचा फोटो निगेटिव्हसारखा उलटा करून घेतला, नाकावर लाल ठिपका ठेवला, शाळेच्या प्रिंटरवर कागद काढला आणि रिकाम्या वर्गाच्या भिंतीवर पाहिलं. भिंतीवर बाई होत्या. केस थोडे विस्कटलेले, बाकी झकास.

ताईला हे सांगायला त्या धावत गेल्या, आणि ताईने कागद हातातसुद्धा घेतला नाही.

“तिला पाहून रडलीस तेव्हा खरी होती ना? आणि आता लगेच पुस्तक काढलंस?” ताईचा आवाज चढला नव्हता, तो फक्त कोरडा होता. “डॉक्टरांनीही पुस्तकच काढलं होतं. साधा ताप आहे म्हणाले. मला सहा महिन्यांत एक गोष्ट मिळाली, तीही काढून घ्यायला आलीस होय?”

बाई कागद घेऊन परतल्या. पण मूग गिळून बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. पटांगणात घडलेलंच जर ताईला खरं वाटतं, तर ते पटांगणातच उघडं पाडायचं. दर आठवड्याला संध्याकाळी तिथे ‘सरावा’ची बैठक भरायची. बाईंनी आपल्या चेहऱ्याच्या बऱ्याच प्रती काढल्या आणि आजूबाजूच्या ओळींत वाटल्या. “आज जरा हा बघा,” म्हणाल्या. मुलांच्या बाई सांगतायत म्हटल्यावर कोण नाही म्हणणार. घंटेचा नाद झाला, दिवे गेले, पट उजळला, आणि दोन-तीन ओळींतून एकदम कुजबुज उठली. “अरे, या तर आपल्या बाई.”

बाई उठून उभ्या राहिल्या. आवाज वर्गातला होता. “दिसले ना मी? मी तर इथे उभी आहे, जिवंत. मग वर कोण आहे?”

सगळं पटांगण दादांकडे वळलं. दादा एक आवंढा गिळण्यापुरते थांबले. तेवढंच. मग ते मंचावरून खाली आले आणि बाईंच्या समोर हात जोडून उभे राहिले.

“बाई, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय केलंत,” ते म्हणाले. डोळ्यांत चक्क पाणी होतं. त्या माणसाला रडू नळाच्या पाण्यासारखं सोडता यायचं. “चंद्र जिवंत माणसाला कधी दाखवत नाही. दाखवतो तेव्हा जागा ठरलेली असते. तुमची वेळ ठरली, बाई. येत्या पौर्णिमेची.”

शेजारी बसलेली म्हातारी सरकली. तिच्या पलीकडची सरकली. बघता बघता भर गर्दीत बाईंच्या भोवती रिकामी फरशी झाली. ज्यांनी पुठ्ठे घेतले होते त्यांनी ते उलथे करून जमिनीवर ठेवले आणि हात झटकले. कोपऱ्यातून ताई बघत होती. तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

पुढच्या दिवसांत गावाने बाईंना जिवंतपणीच पोचवलं. दूधवाला पिशवी जिन्यातच ठेवून जाऊ लागला. मुख्याध्यापक म्हणाले, तब्येत सांभाळा, थोडे दिवस रजा घेतलीत तर बरं. त्यांचा स्वतःचा विश्वास नव्हता हो, पालकांचे फोन येत होते ना. वर्गातल्या पोरी एरवी गराडा घालायच्या, त्या आता लांबून टकामका बघायच्या. भाऊजींनी पोलिसात तक्रार दिली तर तिथला साहेब म्हणाला, चित्र दाखवणं हा गुन्हा कुठल्या कलमात बसवू? बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि खोटं बोलायचं नाही, एका संध्याकाळी छातीत जरा कळ आली तेव्हा त्या पलंगाच्या कडेवर किती तरी वेळ नुसत्या बसून राहिल्या. भीती मूर्खांनाच वाटते असं थोडंच आहे.

पौर्णिमा चार-पाच दिवसांवर आली असताना एका दुपारी ताई त्यांच्या दारात उभी होती. एक जिना चढून आली होती आणि कठड्याला धरून धापा टाकत होती. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. श्वासाला सडक्या फळासारखा गोडसर वास येत होता. तो वास कसला, हे बाईंना ठाऊक होतं. साखर फार चढली आणि शरीर आतून विषारी व्हायला लागलं की तो येतो.

“बैस आधी. मी भाऊजींना फोन करते, आपण दवाखान्यात...”

“थांब. तुला सांगायला आलेय, घाबरू नकोस.” ताई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. “मी दादांना विचारून आले. जागा एकच आहे म्हणाले. कुणीतरी जायलाच हवं. मी म्हटलं, धाकटीला नका नेऊ, मी जाते. तसंही मला भिंगरीकडे जायचंच होतं. ते हो म्हणाले.” तिने बाईंच्या गालावर हात ठेवला. लहानपणी ताप आला की ठेवायची तसा. “आता तुला काही होणार नाही.”

 दादाला उघडं पाडायला म्हणून त्यांनी आपला चेहरा त्या पटावर टाकला, आणि त्याने त्याच चेहऱ्याचा दोर करून तो ताईच्या गळ्यात अडकवला होता. ताई आता लेकीसाठी नव्हे, बहिणीसाठी मरायला निघाली होती. तिला पुस्तक उघडून काही सांगण्यात अर्थ नव्हता. बाईंनी भाऊजींना फोन लावला, “रिक्षा घेऊन ताबडतोब या,” एवढंच सांगितलं, आणि ओट्यावर नजर टाकली. ओट्यावर चहाची किटली होती. काळी पडलेली, टोपणाची मूठ तुटलेली.

त्यांनी फोनवर तिचा फोटो घेतला, उलटा केला, मध्ये ठिपका ठेवला.

“ताई, तू माझ्यासाठी जायला निघालीस. मग माझी एक गोष्ट ऐकशील? या ठिपक्याकडे बघ. यात कुणी गेलेलं माणूस नाही. मी सांगेन तेव्हा भिंतीकडे बघायचं.”

ताईला वाद घालायचंही त्राण नव्हतं. तिने फोन धरला. बाई मनातल्या मनात आकडे मोजत राहिल्या. “आता बघ.”

ताईने चुन्याच्या भिंतीकडे पाहिलं. 

“काय दिसतं?”

“किटली,” ताई म्हणाली.

“कुणाची वेळ आली मग? किटलीची?”

ताईच्या तोंडून हसल्यासारखा आवाज निघाला आणि मध्येच तुटला. तिने पुन्हा फोन मागितला. पुन्हा पाहिलं. या वेळी ती आपणहून ओट्याकडे वळली, मग खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पांढऱ्या भिंतीकडे. “इथे एवढीशी दिसते,” ती पुटपुटली, “आणि तिकडे मजलाभर.”

“जवळ बघशील तर लहान, लांब बघशील तर मोठी. ती भिंतीवर नाहीच, ताई. तुझ्या डोळ्यात आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जिथे चित्राचं उजळ पडतं, तो भाग टक लावून थकतो. जिथे काळं पडतं तो भाग ताजा राहतो. मग पांढऱ्यावर नजर टाकली की थकलेल्याला सगळं काळं दिसतं, ताज्याला लख्ख. उलट्याचं सुलट होतं ते तिथे. थोड्या वेळाने थकवा जातो, चित्र विरतं. म्हणून तुझ्या नजरेबरोबर फिरते. म्हणून तुला तुझीच लेक दिसते आणि शेजाऱ्याला त्याचाच बाप.”

ताईने पिशवीतून भिंगरीचा पुठ्ठा काढला.  भरदुपारी, खिडकीतून येणाऱ्या उजेडात ताईने लेकीच्या नाकावरच्या ठिपक्याकडे पाहिलं, आणि मग भिंतीकडे, चहाच्या डब्यांची फळी आणि विजेचं बटण यांच्या मधल्या मोकळ्या जागेत. ना चंद्र, ना घंटा, ना दादा. तिच्या चेहऱ्यावरून बाईंना कळलं की भिंगरी आली.

“इथेही आहे,” ताई म्हणाली.

“हो.”

“म्हणजे चंद्रावर नाही.”

“नाही.”

“मग कुठे आहे गं ती?”

या प्रश्नाला शाळेत उत्तर शिकवत नाहीत. तुझ्या आठवणीत आहे वगैरे बोलता आलं असतं, लोक बोलतातच. पण दादाही असंच गोड बोलून इथवर आला होता. बाईंनी ताईचे दोन्ही हात हातात घेतले. “कुठेच नाही, ताई. ती गेली.”

ताई त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. सहा महिन्यांचं रडणं होतं ते, आवाज बसेपर्यंत चाललं. जिन्यावर भाऊजींची पावलं वाजली तेव्हा तिने डोळे पुसले आणि बाही वर केली. “चला, कुठे टोचायचं ते टोचा,” म्हणाली, आणि उठता उठता तिची शुद्ध हरपली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी वासावरूनच ओळखलं. सलाईन लागलं, इन्सुलिन लागलं, दोन दिवस जीव टांगणीला होता. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर वरच भेट झाली असती, त्या म्हणाल्या, आणि त्यांना दादाच्या त्या शब्दाची काहीच कल्पना नव्हती. ताई वाचली. उजव्या डोळ्याला धूसर दिसायला लागलं ते मात्र कायमचं, आणि किडन्यांना बसलेला मारही भरून येणारा नव्हता.

पौर्णिमेच्या संध्याकाळी ताईने हट्टच धरला. डॉक्टरीणबाई रागावल्या, भाऊजी रागावले, शेवटी चाकाच्या खुर्चीतून तिला तासाभरासाठी न्यायचं ठरलं. हाताला सलाईनची सुई तशीच होती. तिला पाहून पटांगणात हलकल्लोळ झाला. आज जिची भेट ठरली होती ती आली होती, आणि जिची वेळ ठरली होती ती तिची खुर्ची ढकलत होती.

दादा पुढे झाले. “आलीस, ताई. तयार आहेस?”

“तयार आहे,” ताई म्हणाली. “पण आधी सगळ्यांनी माझं एक चंद्रचित्र बघायचं. शेवटची इच्छा म्हणा.”

आता शेवटच्या इच्छेला नाही कोण म्हणणार. दादांनाही म्हणता येईना. भाऊजींनी डेपोतल्या छपाईवाल्याकडून गठ्ठाभर पुठ्ठे करून आणले होते, ते ओळीओळीतून फिरले. पुठ्ठ्यावर काय आहे ते बघून दादांनी “दिवे नका लावू” असं म्हणेपर्यंत दिवे लागले होते. त्यांच्या घंटावाल्याला सवयच होती, त्याने नाद सुरू केला. नाद संपला, दिवे गेले, पट उजळला.

गोदामाच्या भिंतीवर, त्या शुभ्र गोलात, एक प्रचंड किटली होती. तुटक्या मुठीसकट.

 कुठूनतरी एक म्हातारी फिसकन हसली, आणि लगेच तिने तोंडावर पदर दाबला.

“दादा,” ताई खुर्चीतून म्हणाली, “ही किटली माझ्या बहिणीच्या घरची. आज सकाळी तिच्यात चहा झाला. ही कधी मेली ते सांगा. आणि हिच्याऐवजी कुणाला न्यायचं तेही सांगा.”

दादांची बोलती बंद झाली. ऊर्जा, कंपनं, चंद्राची कृपा, सगळ्याची एकदम ततपप झाली. बाईंनी मंचावर चढून पटाचं कापड एका बाजूने ओढलं. मागे गोदामाची भिंत आणि लोखंडी चौकटीला बांधलेले पांढरे दिवे होते, एका कळीवर पेटणारे. त्यांनी पुठ्ठ्याचं गणित लोकांना सांगितलं, लहान मुलांना सांगतात तसं, दोनदा. काही जणांनी पुठ्ठे हातातून टाकले. काही जण आपल्या माणसाचं चंद्रचित्र छातीशी धरून तसेच उठून गेले, त्यांना ऐकायचंच नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “बाई, तुमचं खरं असेल. पण महिन्यातून एकदा ती दिसायची हो.” या गडबडीत दादा मागच्या दाराने गेले. कुठल्यातरी दुसऱ्या गावात दुसरी भिंत शोधली असेल.

पटांगण रिकामं व्हायला लागलं तशी लाँड्रीवाली खुर्चीपाशी आली. तिच्या एका हातात किटलीचा पुठ्ठा होता आणि दुसऱ्यात नवऱ्याचा.  ती बाईंकडे बघत होती.

“तुम्हाला हे आधीपासून येत होतं?” तिने विचारलं. “शाळेत शिकवता म्हणे.”

“हो.”

“आमचे हे गोळ्या सोडून बसले होते तेव्हा सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गिऱ्हाइकं हसायची, म्हणायची, काय खुळा माणूस आहे.” तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “ताईंना तुम्ही होतात. आमच्या दारात कुणी आलं नाही.”

 त्या दिवसापासून बाईंनी एक काम लावून घेतलं आहे. गल्लीत कुणी औषध सोडल्याचं, कुणी कुठल्या पटापुढे, पाण्यापुढे, राखेपुढे बसल्याचं कानावर आलं की त्या हसत नाहीत. चपला घालतात आणि त्या घरी जातात. बऱ्याच ठिकाणी दार तोंडावर आपटतं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात. बाबा-बुवा लबाड असतात हे कळायला फार अक्कल लागत नाही. पण शेजारचा माणूस दुःखाने आंधळा झाला असताना, तो जिवंत आहे तोवर, त्याच्या दारात जाऊन उभं राहायला आपल्यातला कोण तयार आहे, ते ज्याचं त्याने आजच ठरवावं.